मोठ्या कपाळाचा मासा

आमच्या बँकेत खातं उघडायला येणाऱ्याला आम्ही नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि लिंग विचारतो, आणि तो बिचारा मुकाट्याने लिहून देतो. फ्लॉवरहॉर्न नावाच्या माशाला मात्र कोणत्याही बँकेत खातं उघडता यायचं नाही. नाव दुकानदाराने ठेवलेलं, पूर्वज चारदोन जातींचे, आणि लिंगाच्या रकान्यात 'मागाहून कळवू' असं लिहावं लागणार.

हे सगळं डोक्यात शिरलं ते आमच्या चिरंजीवांमुळे. पहिल्या पगारातली बऱ्यापैकी रक्कम मोडून त्यांनी बोटभर लांबीचा एक फ्लॉवरहॉर्न घरी आणला. दुकानदाराने 'अस्सल कामफा, मेल' असं तोंडी सांगून पैसे मात्र रोख घेतले होते. शेजारचे नाना चष्मा सावरत टाकीपाशी गेले आणि त्यांनी दोनच प्रश्न विचारले, "जात कुठली? आणि मुलगा की मुलगी?" घरात आलेल्या नव्या जीवाबद्दल आपल्याकडे एवढंच विचारतात. नाव काय, खातो काय, हे मागाहून.

पण नानांना उत्तर द्यायचं तर आधी मलेशियाला जायला हवं. (एल.टी.सी.त बसत नसल्याने कागदावरच जाऊ.) देवाने हा मासा कुठल्याच नदीत घातलेला नाही. मोठ्या कपाळाच्या माशांचं मलेशियातल्या शौकिनांना भारी वेड. १९९४ च्या सुमारास मध्य अमेरिकेतले ट्रायमॅक आणि रेड डेव्हिल हे सिक्लिड कुळातले भांडखोर मासे तिथे आले, तैवानहून ब्लड पॅरट आला, आणि तिथल्या मत्स्यपैदासकारांनी या सर्वांची सोयरीक जुळवली. त्यातला ब्लड पॅरट हा स्वतःच १९८६ च्या सुमारास तैवानात जन्मलेला संकर! म्हणजे वराचं गोत्र विचारायला जावं, तर त्याच्या आईवडिलांचाच आंतरजातीय विवाह. पुढे यात आणखीही जाती मिसळल्या. कोणी कोणाशी लावला याची वही ज्याने ठेवली, त्याने ती धंद्याचं गुपित म्हणून कुलुपात ठेवली.

चिनी मंडळींनी याला 'हुआ लुओ हान' म्हटलं. हुआ म्हणजे फूल, आणि लुओ हान म्हणजे, आता बोला, आपला अर्हत! बौद्ध भिक्षूंबरोबर हा शब्द भारतातून चीनला गेला आणि शतकानुशतकं तिकडे राहून माशाच्या पाठीवर बसून परत आला. त्यांच्या दीर्घायुष्याच्या देवाचंही कपाळ असंच पुढे आलेलं असतं, म्हणून मासा शुभ. 'कपाळात असावं लागतं' असं आपण नुसतं म्हणतो. तिथे ते मोजून किंमत ठरवतात.

२००० नंतरच्या दोनतीन वर्षांत सिंगापूर-मलेशियात या माशाने लोकांना वेड लावलं. अंगावरच्या काळ्या ठिपक्यांत कोणाला शुभ चिनी अक्षरं दिसत, कोणाला लॉटरीचे आकडे. आम्ही रोज शेकडो सह्या ताडून पाहतो, पण माशाच्या अंगावरून नंबर लावण्याची हिंमत आमच्या खात्यात कोणाची नाही. पुढे भाव कोसळले आणि कालची लक्ष्मी लोकांनी तळ्यांत, जलाशयांत नेऊन सोडली. तिथल्या मूळ माशांच्या वाट्याला एक फुकटचा गुंड आला. पैदासखान्यातही शेकडो पिलांतली मूठभर निवडतात. ज्यांचं कपाळ उठत नाही ती बाद. म्हणजे नानांचे प्रश्न वाटतात तितके निरुपद्रवी नाहीत. उत्तर मनासारखं आलं नाही की माशाची रवानगी ठरलेली.

आता जात. कामफाचे डोळे पांढरट किंवा पिवळे, किंचित आत गेलेले आणि शेपटी मिटल्यासारखी. झेन झू म्हणजे मोती. याचे डोळे लाल, शेपटी पंख्यासारखी उघडी आणि अंगभर मोत्यांची रांगोळी. थायलंडात तयार झालेला थाई सिल्क रुपेरी-निळा. हे झालं मोठ्या माशाचं. काही पिलं आधी काळवंडतात आणि मग तो रंग टाकून पिवळी-तांबडी होतात. तेव्हा बोटभर पिलाची जात छातीठोकपणे सांगणाऱ्याला मी एवढंच विचारीन, की याच्या आईबापांना तुम्ही पाहिलंत का? नसेल पाहिलं, तर ती जात नव्हे, किंमत आहे.

लिंगाचा घोटाळा याहून दांडगा. टेंगूळ आलं की नर, असं सर्रास सांगतात. पण टेंगूळ माद्यांनाही येतं, थोडं लहान. पाठीवरच्या परावर काळा डाग असला तर बहुधा मादी, पण थाई सिल्कसारख्या फिक्या अंगाच्या प्रकारांत त्या डागाचा भरवसा नाही. जाणकार ओल्या जाळीत मासा क्षणभर उताणा धरून पोटाखालचं छिद्र पाहतात: नराचं लहान आणि टोकेरी, मादीचं रुंद आणि गोलसर. तेही मासा वाढल्यावर. बोटभर पिलाला उताणं करून त्याचा आणि आपला जीव टांगणीला लावू नये.

खरी पावती एकच, अंडी. मादी शेजारी नर नसतानाही अंडी घालते, आणि मग कोणाचा वाद उरत नाही. पण अंडी घातली नाहीत म्हणून नर ठरत नाही, आणि नर ठरला तरी त्यातले पुष्कळ निर्बीज निघतात. शिवाय मासा टाकीत एकटाच ठेवावा लागतो. सोबतीला दुसरा सोडला तर बहुधा दोघांतला एकच उरतो, आणि गेला तो नर होता की मादी, हे विचारायचं राहून जातं.