चित्रबंधांचीं सुटीं पत्रें

जुन्या पोथ्यांचे बस्ते सोडून पाहणाऱ्यांच्या हातीं कधीं कधीं असें एखादें पत्र येतें कीं, त्याच्या मध्यभागीं आठ पाकळ्यांचें कमळ किंवा सहा आऱ्यांचें चक्र काढलेलें असून पाकळ्यांत, आऱ्यांत एकएक अक्षर लिहिलेलें असतें. पत्रास अंक नसतो. मागची बाजू बहुधा कोरी असते. संग्राहक त्यास यंत्र समजून मंत्रशास्त्राच्या पोथ्यांत टाकतो, नाहीं तर 'किरकोळ' म्हणून निराळें बांधतो. कांहीं वर्षांपूर्वीं एका घरचें दप्तर पाहण्याचा योग आम्हांस आला, तेव्हां असलीं चार पत्रें देव्हाऱ्याखालच्या डब्यांत निघालीं. घरच्या मंडळींनीं तीं यंत्रें म्हणून मोठ्या श्रद्धेनें जपलीं होतीं. ज्या काव्याच्या पोथीशीं त्यांचा संबंध होता ती पोथी माळ्यावर कसरीनें खाल्लेली सांपडली होती, आणि आदल्याच दिवशीं आम्हीं ती आमच्या टिपणांत 'पूर्ण' म्हणून नोंदली होती! पत्रांक सलग होते, आदि आणि अंत जुळत होते. यापलीकडे पाहण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. पुढील विवेचन त्या चुकींतून निघालेलें आहे.

चित्रबंधांची परंपरा विद्वानांस परिचित आहे. दंडीनें काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदांत गोमूत्रिका, अर्धभ्रम, सर्वतोभद्र यांचें निरूपण केलें. भारवीनें किरातार्जुनीयाच्या १५ व्या सर्गांत आणि माघानें शिशुपालवधाच्या १९ व्या सर्गांत युद्धवर्णनाच्या निमित्तानें ते रचून दाखविले. पुढें साहित्यशास्त्रज्ञांची त्यांजवर इतराजी झाली. मम्मटानें असलें काव्य कष्टाचें म्हणून नमुन्यापुरतेंच दाखविलें. परंतु ज्या आनंदवर्धनानें चित्रास काव्य न म्हणतां काव्याचें अनुकरण म्हटलें, त्यानेंच देवीशतक हें चित्रबंधांनीं भरलेलें स्तोत्र लिहिलें! कय्यटाच्या इ. स. ९७७ मधील टीकेसह तें निर्णयसागरच्या काव्यमालेंत छापलेलें आहे. रसिकांनीं या काव्यप्रकाराची किंमत काय ती करावी. आमचा प्रश्न निराळा, तो संशोधकाचा आहे.

बंधांत अक्षराची जागा हाच पाठाचा एक भाग असतो. माघाच्या १९ व्या सर्गाच्या शेवटचा चक्रबंध घ्या. शार्दूलविक्रीडित वृत्ताचे पहिले तीन चरण सहा आऱ्यांच्या चाकांत आडवे बसतात. तिन्ही चरणांचें दहावें अक्षर एकच, तें नाभींत. चौथा चरण धांवेवरून फिरतो आणि प्रत्येक आऱ्याचें टोंक आपल्यांत घेतो. श्लोकाचीं अक्षरें ७६, चक्रांतलीं स्थानें मात्र ६७. आंतल्या दोन वर्तुळांत सहा सहा अक्षरें वाचलीं म्हणजे एकांत कवीचें नांव व दुसऱ्यांत काव्याचें नांव निघतें. ओळीनें लिहिलेल्या श्लोकांत हें नांव डोळ्यांस दिसत नाहीं. पोथीचें शेवटचें पत्र सर्वांआधीं गळतें, त्याबरोबर पुष्पिका जाते. अशा वेळीं कर्तृत्वाचा पुरावा बंधांतच शिल्लक राहण्याचा संभव असतो.

दुसरा उपयोग पाठशुद्धीचा. सर्वतोभद्रांत ३२ अक्षरांचा अनुष्टुभ् असतो. प्रत्येक चरण उलटसुलट सारखाच, आणि चारही चरण एकाखालीं एक मांडले तर उभें वाचलें काय, आडवें वाचलें काय, तेंच निघतें. हिशेब केल्यास स्वतंत्र अक्षरें अवघीं दहा ठरतात. बाकीचीं २२ त्यांचीं प्रतिबिंबें. म्हणजे अर्धें पत्र कसरीनें खाल्लें तरी श्लोक बहुतेक उभा करतां येतो. गोमूत्रिकेंत (चालत्या बैलाच्या मूत्राच्या नागमोडी रेषेवरून हें नांव पडलें) सोळा सोळा अक्षरांच्या दोन ओळींत एकाआड एक अक्षर समान असतें. तेथें लेखकाची चूक झाली तर शेजारची ओळच साक्ष देते. इतकी पहाऱ्यांत ठेवलेली अक्षरें दुसऱ्या कोणत्या काव्यांत सांपडतील?

मात्र हा पहारा राखणाराच कधीं कधीं मोडतो. चित्रकाव्यांत ब आणि व, ड आणि ल, र आणि ल यांचा भेद न मानण्याचा संकेत आहे. अनुस्वार-विसर्गांनींही बंध बिघडत नाहीं. हें ठाऊक नसलेला शोधक 'व' वर हरताळ फांसून 'ब' करतो आणि शुद्ध पाठ दिल्याचें समाधान मानतो. व्याकरणानें तो बरोबर असेल. बंधाच्या जुळणीची खूण मात्र त्यानें पुसलेली असते. म्हणून अशा ठिकाणीं हरताळाखालचें अक्षर वाचून नोंदावें.

संस्कृत महाकाव्यांस टीकांचा आधार आहे. मल्लिनाथासारखा टीकाकार चक्र कसें मांडावें हें सांगून ठेवतो, त्यामुळें आकृति हरवली तरी ती पुन्हां काढतां येते. प्राकृत कवींच्या रचनांस ही सोय क्वचित्. मोरोपंतांनीं (१७२९-१७९४) ओष्ठ्य वर्ण टाळून निरोष्ठ रामायण रचलें. तेथें कौशल्य कानांस कळतें, पोथी कशीही लिहिली तरी तें टिकतें. पण ज्या मराठी बंधाची आकृति एकाच सुट्या पत्रावर आहे, त्याचें तें पत्र गेलें म्हणजे उरतो एक ओबडधोबड, दुर्बोध श्लोक, आणि आपण कवीस नांवें ठेवतों.

पाश्चात्य देशांत अक्षरांच्या मांडणीसच काव्य मानणारा नवा संप्रदाय १९५० नंतर उदयास आला. अमेरिकेंत मायामी येथें रूथ व मार्विन सॅकनर या दांपत्यानें १९७९ पासून असल्या कृतींचा प्रचंड संग्रह केला. तो २०१९ मध्यें आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे गेला. डिक हिगिन्स याच्या १९८७ च्या आकृतिकाव्यांवरील ग्रंथांत आमच्या चित्रबंधांवर कलानाथ झा यांचा स्वतंत्र लेख आहे. तिकडे कागदाचा तुकडाही काव्याचा भाग समजून जपतात. आमच्या याद्यांत आदि-अंतांच्या दोन ओळी दिल्या कीं काम संपतें.

आमची सूचना अगदीं साधी आहे. बंधाचें पत्र मूळ पोथीपासून वेगळें करूं नये. वेगळें झालेलेंच असेल तर दोहोंच्या नोंदींत एकमेकांचे अंक द्यावे. बंधाचें नांव, घरांची संख्या, वाचनास आरंभ कोठें होतो, हिंगुळानें कोणतीं अक्षरें लिहिलीं आहेत, हें सर्व लिहावें, आणि संपूर्ण पत्राचें समासासह छायाचित्र घ्यावें. नक्कल करणाऱ्यानें प्रथम आकृति उतरावी, मग श्लोक.

वर सांगितलेल्या चार पत्रांपैकीं तीन त्या पोथींतील श्लोकांशीं अक्षरशः जुळलीं. चौथ्यावर मुरजबंध आहे; हस्ताक्षर तेंच, कागदही तोच, पण त्यांतील श्लोक त्या पोथींत कोठेंच नाहीं. त्याचें छायाचित्र आम्हीं जपून ठेविलें आहे. ज्यांच्या संग्रहीं अशीं अंक नसलेलीं पत्रें असतील त्यांनीं कृपा करून आम्हांस कळवावें, म्हणजे ताडून पाहतां येईल.