जनरल रजिस्टरांतील घाटकोपर

राजेरजवाड्यांच्या वंशावळी भाटांनी राखल्या व वतनदारांच्या जमिनींची मोजदाद कुलकर्ण्यांच्या दप्तरात राहिली. परंतु ज्यांच्यापाशी राज्य नव्हते आणि वतनही नव्हते, अशा कुटुंबांची लेखी नोंद प्रथम कोठे झाली? आपल्यापैकी पुष्कळांच्या बाबतीत उत्तर एकच येईल : शाळेच्या जनरल रजिस्टरात. शाळेचा पट किती, हे वरिष्ठांस दरवर्षी कळविले जाते. परंतु पटावर कोण आले, कोण टिकले आणि कोण गळाले, हे मात्र त्या रजिस्टराचे रकाने वाचूनच कळते. घाटकोपरच्या लहानशा शाळेचे रजिस्टर म्हणजे त्या वस्तीचा इतिहासच होय.

घाटकोपर पूर्वी मुंबई शहराच्या हद्दीबाहेर होते व घाटकोपर-किरोळ नगरपालिका त्याचा कारभार पाहत असे. १९५० साली शहराची हद्द वाढली आणि ते बृहन्मुंबईत आले. पूर्वेस गुजराती व कच्छी व्यापारी कुटुंबे स्थिरावली; पश्चिमेस, त्या काळच्या आग्रा रोडपलीकडील टेकड्यांवर कामकऱ्यांच्या वस्त्या चढत गेल्या. कोणी दगडाच्या खाणीत राबे, कोणी विक्रोळीस गोदरेजच्या कारखान्यात, तर कोणी कुर्ल्याच्या प्रीमियर मोटार कारखान्यात. त्यांच्या मुलांच्या 'जन्मस्थान' ह्या रकान्यात आधी रत्नागिरी, सातारा व पुणे जिल्ह्यांतील गावे दिसतात. १९७२ च्या दुष्काळानंतर बीड, जालना, सोलापूर येऊ लागतात. आणि पुढच्या पिढीत 'घाटकोपर' हेच जन्मस्थान होते. स्थलांतराची एवढी साधी व खरी हकीकत अन्यत्र क्वचितच लिहिली गेली असेल.

'जन्मतारीख' हा रकानाही बोलका आहे. जून महिन्यात शाळा उघडे. जन्माचा दाखला नसलेल्या मुलाचे वय अंदाजाने धरून गुरुजी १ जून ही तारीख घालीत. आपल्या ज्ञातीतील कित्येक वडीलधाऱ्यांचा जन्मदिवस हाच कसा, ह्याचे रहस्य एवढेच.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दाखवून दिले होते की, सरकारचा पैसा रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस होतो. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. तरीही नाव घातले म्हणजे शिक्षण झाले, असे नव्हे. 'शाळा सोडल्याचे कारण' ह्या रकान्यात 'दीर्घकाळ गैरहजर' असा शेरा पुनःपुन्हा भेटतो. ह्या दोन शब्दांमागे धाकटी भावंडे सांभाळणारी मुलगी असते, किंवा बापाचा कारखाना बंद पडल्यावर दुकानात राबणारा मुलगा असतो. सेवाकाळात असा शेरा लिहिताना हात जड होई.

आता 'जात' ह्या रकान्याविषयी. आज जात प्रमाणपत्राच्या पडताळणीत अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तेव्हा आजोबांच्या शाळेतील एका ओळीवर नातवाचा प्रवेश अडतो वा सुटतो. कोठे जातीऐवजी धंद्याचे नाव, कोठे पोटजात, तर कोठे नुसतेच 'हिंदू' लिहिलेले असते. लिहिणाऱ्याची लेखणी सहज चालली. पुढील पिढ्यांस मात्र खेटे घालावे लागतात.

ह्यात आणखी एका संकटाची भर पडली आहे. मुंबई महापालिकेच्या मराठी शाळांत २०१०-११ साली एक लाखाहून अधिक मुले होती; पुढील दहा वर्षांत ती संख्या निम्म्याच्याही खाली आली. पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे आहे. त्यांस दोष देण्यात अर्थ नाही. परंतु पट घटला की शाळा दुसरीत विलीन होते आणि तिचे दप्तर अन्यत्र हलते. वाळवी व ओल त्याची वाट पाहतच असतात.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस विनंती आहे. आजोबा-पणजोबा ज्या शाळेत शिकले, तेथून रजिस्टराचा साक्षांकित उतारा आजच घेऊन ठेवावा. मुलाचे नाव घालताना नाव, आडनाव, जात व जन्मतारीख स्वतः वाचून पाहावी; शाळा सोडल्यानंतर नोंद दुरुस्त करणे फार अवघड होते. संस्थेने अशा उताऱ्यांच्या प्रती कार्यालयात एकत्र जपाव्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपल्या घरातील कोणाही मुलामुलीच्या नावापुढे 'दीर्घकाळ गैरहजर' हा शेरा पडू देऊ नये. जुनी ओळ आपल्या हाती नव्हती. नवी ओळ आपल्या हाती आहे.