दोन हजेऱ्या

हजेरी हा आम्हां कामगारांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द. हजेरीपटावर नाव लागले की दिवसाची मजुरी पक्की. परंतु आपल्याच मुलखाशेजारी अशीही एक हजेरी होऊन गेली, की तिच्यात नाव लागले म्हणजे माणूस जन्मभर चोर ठरे.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानात चालला; १९११ च्या कायद्याने तो इतर इलाख्यांसही लागू करता येऊ लागला. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींतील माणसांची नावे व बोटांचे ठसे पोलिसांच्या दप्तरात गेले. १९२४ च्या कायद्याने तर अशा नोंदलेल्या माणसास ठरावीक गुन्ह्यांबद्दल दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर सर्वसाधारणपणे किमान सात वर्षे कैद आणि तिसऱ्यांदा जन्माचे काळे पाणी ठेवले.

धाराशिव त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. तुळजापूरचा घाट उतरून पुढे गेले की सोलापूर, तेथे इंग्रजी अंमल. सोलापुरात सरकारने या जमातींसाठी तारेच्या कुंपणाची सेटलमेंट बसविली. पोलिसाची पाळत, तुरुंगाचे कुंपण आणि कामधंदा लावून देणारा अधिकारी, असे तिन्ही हात तेथे एकत्र आले. आतील बायाबापे गिरण्यांत राबून पुन्हा कुंपणात परतत. वर्तन चांगले दिसले तर कुंपणाबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त राहावयास मिळे. हे नाव सोलापुरात आजही ऐकू येते.

गिरणीच्या पगाराने चुली पेटल्या, हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्यास फाटकाबाहेर पडावयास परवाना लागतो, तो मालकाशी मजुरीची घासाघीस काय करणार? काम होते, पण ते सोडण्याची मुभा नव्हती. आणि गुन्हा हाताने केलेला नव्हता, जन्माने लागलेला होता.

मुंबई सरकारने १९४९ साली हा कायदा काढला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर गेला. पुढे १९५८ साली परिवीक्षेचा कायदा आला आणि १९५९ साली मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगारांचा. आता जात नव्हे, तर पाच वर्षांच्या मुदतीत निरनिराळ्या प्रसंगी झालेल्या तीन शिक्षा पाहावयाच्या होत्या. न्यायालयाने चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलेल्या माणसास परिवीक्षा अधिकाऱ्याचा आधार मिळू लागला. कायदा बदलला, नजर मात्र तितक्या लवकर बदलली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयास तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरवावा लागला. विमुक्त जमातींस जन्मतःच सराईत समजण्याची रीतही त्यात मोडीत निघाली.

आम्हांपाशी काही वर्षांपूर्वी एक पारधी तरुण आला. शिक्षा भोगून सुटलेला, हमालीस लागलेला. कोठेतरी चोरी झाली, चौकशीस शिपाई कामावर आला, आणि मुकादमाने त्याच दिवशी त्याचे नाव कापले. चोरी त्याने केली नव्हती. आम्ही तीन कचेऱ्यांत हेलपाटे घातले. प्रत्येकीच्या वहीत त्याचे नाव होते. त्याच्या रोजगाराचा रकाना एकीच्याही वहीत नव्हता.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. पोलीस, तुरुंग आणि परिवीक्षा या तीन खात्यांनी एकत्र बसावे, अवश्य बसावे. मोडलेले घर, चोरीला गेलेले पशू यांचे दुःख आम्हांस ठाऊक आहे; पुन्हा पुन्हा गुन्हा करणाऱ्यावर लक्ष हवेच. परंतु सोलापूरच्या कुंपणाने दोन गोष्टी शिकविल्या आहेत. नोंद कृत्याची व्हावी, कुळाची नव्हे. आणि वहीत चढलेले नाव उतरविण्याची वाटही तिच्यातच असावी.

उरलेले काम या मंडपातल्या मंडळींचे आहे. आपल्यांत दुकानदार आहेत, आडते आहेत, ठेकेदार आहेत. पोलिसांच्या वहीतून माणसाचे नाव उतरावयाचे असेल, तर ते आधी कोणाच्या तरी हजेरीपटावर चढावे लागते.