घरी बांधलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचं, तर नेमकं काय काय बदलावं लागतं?

इंजिन स्वॅपच्या रील्स तुमच्याही फीडवर येत असतील. चेन पुलीला लटकलेलं जुनं इंजिन बाहेर निघतं, दुसरं आत उतरतं, मग एकदम कट होतो आणि गाडी धूर सोडत पळायला लागते. अर्ध्या मिनिटात काम फत्ते!

पण बहुतेक काम त्या ‘कट’मध्येच लपलेलं असतं. इंजिन बॉनेटखाली मावणं हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग म्हणजे बाकीची गाडी त्या इंजिनाच्या लायकीची करणं. हे समजून घ्यायचं असेल, तर ब्रिटनच्या एका गाडीची गोष्ट बघावी लागते. गाडीचं नाव, लोटस सेव्हन.

टॅक्स वाचवायला लोक घरीच गाडी बांधू लागले

कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ बाजारात आणली. दोन सीट, उघडं छप्पर, लोखंडी नळ्यांची चासी आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. बस्स, एवढीच गाडी.

त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर ‘परचेस टॅक्स’ लागायचा. सुट्ट्या भागांचं किट घेतलं, तर तो वाचायचा. नियमात अट होती की किटसोबत गाडी जोडायच्या सूचना द्यायच्या नाहीत. मग लोटसने शक्कल लढवली. त्यांनी गाडी ‘सुटी कशी करायची’ याच्या सूचना दिल्या. लोकांनी त्या शेवटून सुरुवातीकडे वाचायच्या आणि गाडी जोडायची!

१९७३ मध्ये ब्रिटनमध्ये परचेस टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. केटरहॅमने ही गाडी पुढेही बनवत ठेवली आणि किट विकणंही सुरू ठेवलं.

१९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं एक पुस्तक आलं. अवघ्या २५० पौंडांत आपली स्पोर्ट्स कार कशी बांधायची, हे त्यात सांगितलं होतं. सेव्हनसारखी चासी घरी वेल्ड करायची आणि इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून काढायचे. अशा गाड्यांना ‘लोकॉस्ट’ हे नाव पडलं.

एकच गाडी, डझनभर इंजिनं

सेव्हनचं स्वतःचं असं इंजिन कधी नव्हतंच. सुरुवातीला फोर्डचं ११७२ सीसी इंजिन होतं, ताकद सुमारे ४० हॉर्सपॉवर. मग कोव्हेंट्री क्लायमॅक्स, बीएमसी, फोर्डचं क्रॉसफ्लो, रोव्हरचं के-सीरिज अशी इंजिनं येत गेली.

अलीकडच्या दोन मॉडेल्सची तुलना बघा. केटरहॅम १६० मध्ये सुझुकीचं ६६० सीसी टर्बो इंजिन होतं. ८० हॉर्सपॉवर आणि गाडीचं वजन सुमारे ४९० किलो. केटरहॅम ६२० आर मध्ये फोर्डचं २ लिटरचं सुपरचार्ज्ड इंजिन. ३१० हॉर्सपॉवर आणि वजन सुमारे ५४५ किलो. दिसायला दोन्ही बहिणी, पण ताकद जवळपास चौपट.

मग घरी बांधलेल्या गाडीत कुणालाही वाटणारच की आपणही मोठं इंजिन टाकावं. पण कंपनीने इंजिन बदललं, तेव्हा त्याच्यासोबत ब्रेक, सस्पेन्शन, गिअरबॉक्स हेही बदललं. घरी करणारा माणूस इथेच अडकतो.

एक इंजिन बदललं की काय काय बदलतं?

१. वजन : ५०० किलोच्या गाडीत इंजिन ५० किलोंनी जड झालं, तर गाडीचं वजन १० टक्क्यांनी वाढलं. तेही जवळपास सगळं पुढच्या चाकांवर. मग पुढच्या स्प्रिंग दबतात, स्टिअरिंग जड होतं आणि वळणावर गाडीचं नाक बाहेर जायला लागतं. म्हणून जाणकार आधी इंजिनाचं वजन विचारतात आणि हॉर्सपॉवर नंतर.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे एमजीबी. या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये चार सिलिंडरचं बिडाचं इंजिन असायचं. केन कॉस्टेलो यांनी त्या जागी रोव्हरचं ३.५ लिटरचं व्ही-८ बसवायला सुरुवात केली. सिलिंडर दुप्पट, पण इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं असल्यामुळे वजन जवळपास तेवढंच. हा जोड इतका जमला की १९७३ मध्ये कंपनीने स्वतःच एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आणली.

२. गिअरबॉक्स : आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं फिरवतं. सेव्हनमध्ये ते उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं. त्यामुळे इंजिनासोबत आलेला गिअरबॉक्स उपयोगाचा नसतो. मागच्या चाकांना ताकद देणारा दुसरा गिअरबॉक्स शोधायचा, दोन्ही जोडायला बेलहाऊसिंग किंवा अ‍ॅडाप्टर प्लेट लावायची, फ्लायव्हील आणि क्लच जुळवायचा. बऱ्याचदा प्रोपेलर शाफ्टची लांबीही बदलावी लागते. मझदा एमएक्स-५ चं इंजिन किट कार बांधणाऱ्यांना आवडतं, त्याचं मोठं कारण हेच. ते मुळातच उभं असतं आणि मागच्या चाकांसाठीचा गिअरबॉक्स सोबत येतो.

३. ऑइल चेंबर : सेव्हन जमिनीपासून जेमतेम काही इंचांवर असते. मोठ्या गाडीचं खोल चेंबर तसंच ठेवलं, तर पहिल्याच स्पीड ब्रेकरवर फुटेल. म्हणून चेंबर कापून उथळ करतात. मग तेल कमी मावतं, म्हणून त्याला बाजूने रुंद करतात. आत आडव्या पट्ट्याही लावतात, म्हणजे वळणावर तेल एका बाजूला पळत नाही. तेल दोन-चार सेकंद पंपापर्यंत पोहोचलं नाही, तरी बेअरिंग जाऊ शकतं.

४. वायरिंग आणि पेट्रोल : कार्ब्युरेटरवाल्या जुन्या इंजिनाला मोजक्या वायरी पुरतात. इंजेक्शनवाल्या इंजिनाला ईसीयू, सेन्सर आणि जास्त दाबाचा पेट्रोल पंप लागतो. जुन्या गाडीचा इमोबिलायझर सोबत आला, तर मूळ चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरूही होत नाही. कमी दाबासाठी बनवलेला जुना पेट्रोल पाइप तसाच ठेवणं तर सरळ आगीला आमंत्रण आहे.

५. ब्रेक : वेग वाढला की ब्रेकवरचा भार त्याच प्रमाणात वाढत नाही, तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० ऐवजी १४० किलोमीटरवरून गाडी थांबवायची असेल, तर ब्रेकना जवळपास दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. त्यात सेव्हनसारख्या गाडीत एअरबॅगही नसते. त्यामुळे इंजिनावर सगळे पैसे संपवून ब्रेक जुनेच ठेवले, तर तो थेट जिवाशी खेळ ठरतो.

चासीलाही मर्यादा असते

१९६२ मध्ये कॅरोल शेल्बी यांनी ब्रिटनच्या ‘एसी एस’ या हलक्या गाडीत फोर्डचं ४.२ लिटरचं व्ही-८ इंजिन घालायला लावलं आणि ‘कोब्रा’ जन्माला आली. पुढे ७ लिटरचं इंजिन घालायचं ठरलं, तेव्हा जुनी चासी पुरेना. १९६५ च्या कोब्रासाठी ३ इंची मुख्य नळ्यांच्या जागी ४ इंची नळ्या वापरून नवी चासी बनवली आणि सस्पेन्शनही बदललं. शेल्बींना जे टाळता आलं नाही, ते घरच्या गॅरेजमध्ये कसं टळेल?

बाइकचं इंजिन घातलं तर?

सेव्हनसारख्या गाड्यांत सुझुकी हायाबुसाचं इंजिनही बसवतात. ते हलकं असतं आणि गिअरबॉक्स आतच असतो. पण बाइकला रिव्हर्स गिअर नसतो, तो वेगळा बसवावा लागतो. शिवाय वळताना बाइक कलते, त्यामुळे तेल चेंबरच्या तळाशीच राहतं. कार कलत नाही, म्हणून तेल बाजूला फेकलं जातं. म्हणजे चेंबरचं काम इथेही सुटत नाही.

कायदा काय सांगतो?

ब्रिटनमध्ये घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी आयव्हीए नावाची तपासणी पास करावी लागते. त्यात ब्रेक, लाइट, धूर, टोकदार कडा असं सगळं बघतात. नंतर इंजिन बदललं, तर वाहन नोंदणी करणाऱ्या डीव्हीएलएला कळवावं लागतं. इन्शुरन्स कंपनीला सांगणंही तितकंच गरजेचं, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी ठरेल, असा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. सीएनजी किंवा इलेक्ट्रिकसाठी मंजूर किट लावायला वाट आहे, पण मारुतीत होंडाचं इंजिन टाकायला नाही. नियम मोडला, तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग इथे हौस कुठे भागवायची? ट्रॅकवर. पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या टीम ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेसाठी स्वतः चासी वेल्ड करतात आणि त्यात बाइकचं इंजिन बसवतात. इंजिनाची मर्यादा ७१० सीसी. त्यामुळे पोरांचं डोकं लागतं ते वजन, चेंबर आणि ब्रेक यांवरच.

म्हणून पुढच्या वेळी अशी रील दिसली, तर ‘किती हॉर्सपॉवर?’ विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा. नवं इंजिन किती किलोचं आहे? ब्रेक कुठले लावलेत? आणि कागदपत्रांवर कुठलं इंजिन आहे? उत्तरं नीट मिळाली, तर काम खरं. नाहीतर ती गाडी फक्त रीलपुरतीच आहे असं समजा.