थ्रेड : औषधाला दाद न देणारा आजार जन्मला कधी?

सकाळी मुलाचे डोळे सुजलेले दिसतात, मग पाय, मग पोट. लघवीला फेस येतो. हा नेफ्रोटिक सिंड्रोम. मूत्रपिंडातील गाळणी सैल होते आणि रक्तातील प्रथिने लघवीवाटे निघून जातात. स्टेरॉइडने बहुतेक मुले सावरतात; जी सावरत नाहीत त्यांच्या आजाराला ‘स्टेरॉइडरोधक’ म्हणतात. म्हणजे स्टेरॉइड हाती येण्यापूर्वी या निदानाला अस्तित्वच नव्हते.

लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये सूज, लघवीतील प्रथिन आणि बिघडलेले मूत्रपिंड यांचा संबंध दाखवला. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे एक चमचा आणि मेणबत्ती! लघवी तापवली की प्रथिन अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे गोठते. निदान झाले, पण उपचार नव्हता. पुढची शंभरहून अधिक वर्षे अशी मुले बहुधा जंतुसंसर्गाने दगावत.

१९४० च्या दशकात तर डॉक्टरांनी या मुलांना मुद्दाम गोवराची लागण करून पाहिली. गोवर आलेल्या काही मुलांची सूज आपोआप उतरते, असे त्यांच्या पाहण्यात आले होते. आज हे वाचून अंगावर काटा येतो. परंतु रोगप्रतिकारशक्ती दबली की हा आजार मागे हटतो, हा धागा तिथेच हाती लागला.

मग कॉर्टिझोन आले. १९४८ मध्ये ते प्रथम सांधेदुखीवर वापरले गेले आणि लवकरच मूत्रपिंडविकाराच्या मुलांपर्यंत पोहोचले. १९५१ मध्ये कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रून यांनी सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढण्याची रीत प्रसिद्ध केली. १९६७ पासून अनेक देशांतील बालरोगतज्ज्ञांनी एकत्र येऊन शेकडो मुलांचा अभ्यास केला. माझ्या मते या इतिहासातील खरे वळण हेच. बायोप्सी आधी आणि औषध नंतर, हा क्रम त्यातून उलटला : आधी स्टेरॉइड द्या, मुलाचा प्रतिसाद हेच निदान समजा, सुई फक्त दाद न देणाऱ्यांसाठी राखा. भारतीय बालमूत्रपिंडतज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार सहा आठवडे रोज प्रेडनिसोलोन देऊनही प्रथिन जाणे थांबले नाही, तर आजार रोधक ठरतो.

सहा आठवडे! नांदेड-लातूरच्या संदर्भात हा आकडा पुन्हा वाचावा. एवढा काळ औषध चुकवायचे नाही, लघवी तपासत राहायचे आणि त्यानंतर बायोप्सीसाठी तज्ज्ञ गाठायचा. निजामाच्या राज्यात मोठे रुग्णालय म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. नांदेडहून तिकडे रेल्वे होती. लातूरची छोटी बार्शी लाइट रेल्वे मात्र उलट दिशेला, कुर्डुवाडीकडे जाई. मराठवाड्याला पहिले वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबादेत मिळाले, त्यानंतर अंबाजोगाईला. नांदेडचे शासकीय महाविद्यालय १९८८ चे, लातूरचे २००२ चे. राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या पहिल्या टप्प्यात, जुलै २०१२ मध्ये, नांदेड होते. लातूरला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. ज्या मुलाचे औषध मध्येच तुटले, त्याचा आजार रोधक की उपचारच अपुरा, हे ठरवणार कसे? वैद्यकाच्या इतिहासात या प्रश्नाला फारशी जागा मिळत नाही.

रोधक ठरल्यावरचा उपचार अक्षरशः मातीतून आला. सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या मातीतील बुरशीतून, टॅक्रोलिमस जपानमधील त्सुकुबाच्या मातीतील जिवाणूतून. सोबत प्रथिनगळती कमी करणारी रक्तदाबाची औषधे देतात. रक्तातील औषधाची पातळी आणि मूत्रपिंडाचे काम वारंवार तपासावे लागते, कारण हीच औषधे मूत्रपिंडालाही इजा करू शकतात.

२००० मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी पोडोसिनचे जनुक शोधले आणि आणखी एक पडदा उघडला. काही मुलांत गाळणीची वीणच जन्मतः सदोष असते. तिथे प्रतिकारशक्ती दाबून सहसा उपयोग होत नाही. हा दोष आई आणि वडील या दोघांकडून यावा लागतो. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे जुनी. म्हणून रोधक आजाराच्या मुलाच्या घरी डॉक्टर नातेसंबंध विचारतात, तेव्हा ती चौकशी नसून तपासणीचाच भाग असतो. दोष सापडला तर ती जड औषधे बहुधा थांबवता येतात, आणि मूत्रपिंड निकामी होऊन प्रत्यारोपणाची वेळ आलीच तर आजार नव्या मूत्रपिंडात परतण्याची शक्यताही कमी असते.