प्रश्न कोणी काढायचा?

प्रश्नमंजूषा ही आज निरुपद्रवी करमणूक समजली जाते. दोन बाके, एक घंटी, शेवटी टाळ्या. परंतु ज्या समाजात ज्ञान ही काही जातींची मिरास होती, त्या समाजात चारचौघांत प्रश्न विचारणे निरुपद्रवी कसे असेल? प्रश्न कोण काढतो आणि कोणते उत्तर बरोबर ठरवतो, यात सत्ता दडलेली असते.

आपल्या चळवळीने हे फार आधी ओळखले. जोतीराव फुले यांच्या शाळांतील मुलींच्या परीक्षा १८५० नंतरच्या दशकात पुण्यात जाहीरपणे होत. ती नुसती परीक्षा नव्हती. नाकारलेल्या बुद्धीचा तो उघड पुरावा होता. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिताना त्यांनी धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादाची रीत निवडली. धोंडीबा शंका काढतो आणि अवतारकथांचा एकेक चिरा निखळत जातो. शंका विचारणारा तिथे अडाणी ठरत नाही, तो जागा होत असतो.

स्पर्धा खुली आहे, असे गुणवत्तेचे पुरस्कर्ते म्हणतात. सनदी सेवेची परीक्षाही १८५५ पासून खुलीच होती. फक्त ती लंडनला होत असे. ती हिंदुस्थानातही घ्या, ही मागणी काँग्रेसने १८८५ च्या पहिल्याच अधिवेशनात केली आणि ती १९२२ मध्ये मान्य झाली. मागणी रास्तच होती. पण समुद्रापलीकडची परीक्षा अन्याय्य असेल, तर गावकुसाबाहेरच्या मुलाला शाळेचा उंबरठाही समुद्राएवढाच होता, हे किती जणांनी मानले?

कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी ते मानले. १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या शाळेत प्रवेश. नोकरीची जागा राखली, तशीच तिथवर पोचण्यासाठी भाकरी, निवारा आणि बाकही दिले. नुसती स्पर्धा खुली करून ते थांबले नाहीत.

मी याच शहरात जयंतीनिमित्त वस्तीतल्या मुलांसाठी प्रश्न काढत आलो आहे. एका मोठ्या आंतरशालेय स्पर्धेत पाहिले : आमच्या मुलीला उत्तर येत होते, पण तिची बोली ऐकून समोरची बाके हसली आणि घंटी दुसऱ्याची वाजली. हरली ती, पण उघडी पडली ती स्पर्धेची रचना.

म्हणून आम्ही काही नियम धरले. प्रवेश फी नाही. वाचायची पुस्तिका महिनाभर आधी घरोघर. घंटीऐवजी पाटीवर उत्तर, म्हणजे विचार करायला सवड. घरच्या बोलीतले उत्तर पूर्ण गुणांचे. पहिल्या फेरीत कोणालाही बाद करायचे नाही. ‘माणगाव परिषद कधी झाली?’ याला एक गुण. ‘१९२० मध्ये डॉ. आंबेडकर आणि शाहू महाराज तिथे एकत्र का आले?’ याला तीन. आणि शेवटच्या फेरीत मुले प्रश्न काढतात, मास्तर उत्तरे देतात.

त्या फेरीत मास्तर अडतात. अडू द्यावे. सनावळ्या पाठ करणारी पिढी नोकरी मिळवील, तिने मिळवावीच. परंतु उत्तरपत्रिका तपासणाऱ्यालाच प्रश्न विचारणारी पिढी तयार होत नाही, तोवर विद्या आपल्या घरी पाहुणी म्हणूनच राहील.