हजेरीचा क्रमांक आणि दाखल-खारीजचा क्रमांक

श्रोतेहो, नागपूरच्या महालात कधी आलात, तर तिथल्या चार माणसांना जवळच्या तलावाचे नाव विचारून पाहा. एक म्हणेल जुम्मा तलाव. दुसरा म्हणेल शुक्रवारी तलाव. तिसरा म्हणेल गांधीसागर. तिघेही खरेच बोलतात, कारण तलाव एकच आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात गोंड राजा चांद सुलतान याने शहराला कोट घातला आणि पाणी अडवून हा तलाव केला. जुम्मा म्हणजे शुक्रवारच. तेव्हा पहिली दोन नावे म्हणजे एकच नाव दोन भाषांत. त्याच राजाच्या काळचा जुम्मा दरवाजा आज गांधी गेट म्हणून ओळखला जातो. मधल्या काळात गोंडांचे राज्य गेले, भोसल्यांचे आले. १८५३ नंतर इंग्रजांनी ते खालसा केले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. एवढे सगळे झाले, पण तलाव शोधताना कुणाची चूक झाली नाही. काहून? तर तलाव जागचा हलत नाही. नाव कोणतेही घ्या, पाय तिथेच पोचतात.

पण वस्तूच जर रोज जागा बदलणारी असेल तर? मग नावावर किती भरवसा ठेवायचा? आजचे बोलणे याच प्रश्नाविषयी आहे.

शिक्षक मंडळींना हा प्रश्न नवा नाही. शाळेत प्रत्येक मुलाला दोन क्रमांक असतात. एक हजेरीपटावरचा. तो वर्गापुरता आणि वर्षापुरता. यंदा सातवा असलेला मुलगा पुढच्या वर्षी अकरावा होईल, कारण वर्गात चार नवी मुले आली. दुसरा क्रमांक दाखल-खारीज रजिस्टरातला. मूल शाळेत आले त्या दिवशी तो पडतो आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तोच असतो. हाक मारायला हजेरीचा क्रमांक सोयीचा. पण वीस वर्षांनी कुणी जन्मतारखेचा दाखला मागायला आला, तर त्याला हजेरीचा क्रमांक विचारून चालेल का? मुळीच नाही. तिथे दाखल-खारीजचाच क्रमांक लागतो.

आता शाळेच्या कचेरीतल्या संगणकाकडे वळू. त्यातली माहिती हार्ड डिस्कवर, पेन ड्राइव्हवर साठवलेली असते. धान्याला कणगी, तशी माहितीला ही साधने. यंत्राचा सगळा कारभार पाहणारी जी मूळ व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. महालात चिटणीस पार्क आहे. चिटणीस म्हणजे दरबाराची पत्रे लिहिणारा, दप्तर राखणारा. ऑपरेटिंग सिस्टिम ही यंत्राची चिटणीसच समजा. कोणती कणगी कुठे आहे आणि तिला काय म्हणायचे, याची नोंद तीच ठेवते. गंमत अशी, की पुष्कळ वर्षे या चिटणिसाने नावे दिली ती हजेरीच्या क्रमांकासारखी.

१९८१ साली आय. बी. एम. कंपनीचा घरगुती संगणक आला. त्यात फ्लॉपी नावाच्या लवचिक तबकड्यांसाठी दोन खाचा असत. त्यांना ए आणि बी ही अक्षरे मिळाली. पुढे हार्ड डिस्क आली, ती सी झाली. आज फ्लॉपी गेल्या, पण विंडोजच्या यंत्रात मुख्य डिस्क अजून सीच आहे. आपल्या इतवारीत आता बाजार काही फक्त रविवारी भरत नाही, रोजच भरतो. नाव मात्र इतवारीच राहिले. तसेच हे.

इथवर ठीक होते. पण त्या काळच्या डॉस या व्यवस्थेत अक्षरे रांगेने वाटली जात. एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग केलेले असत. कुणी यंत्रात दुसरी डिस्क बसवली, की तिचा पहिला भाग डी होई आणि जुन्या डिस्कचा डी मागे सरकून ई होई. ज्या कामाची नोंद ‘डी वर पाहा’ अशी केलेली, ते काम भलत्याच कणगीत हात घाली. वर्गात नवा मुलगा आला आणि मागच्यांचे क्रमांक सरकले, तोच प्रकार. पुढे विंडोज २००० पासून कोणते अक्षर कोणत्या डिस्कला दिले, याची नोंद डिस्कवरच्या खुणेनिशी ठेवली जाऊ लागली आणि हा घोळ पुष्कळ कमी झाला.

दुसरे घराणे युनिक्सचे. त्याचा आरंभ १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत झाला. त्याच वळणावर १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केले. लिनक्समध्ये डिस्कला नाव देण्याच्या दोन रीती होत्या. एका जातीच्या डिस्कला जागेवरून नाव मिळे. पहिल्या तारेवरची पहिली ती एचडीए, दुसरी ती एचडीबी. वाड्याच्या पहिल्या चौकातली पहिली खोली, दुसरी खोली, अशातले हे. दुसऱ्या जातीच्या डिस्कला सापडेल त्या क्रमाने नाव मिळे: आधी सापडली ती एसडीए, मग एसडीबी, मग एसडीसी.

यंत्रात दोनच डिस्का असून त्या स्क्रूने आवळलेल्या असत, तोवर कुणाचे अडले नाही. पण १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस यूएसबी आले. चालू यंत्राला साधन जोडावे, काढावे, पुन्हा दुसऱ्या खाचेत जोडावे, असे सुरू झाले. वस्तू हलत्या झाल्या. त्यात यंत्रे वेगवान झाली. यंत्र सुरू होताना चिटणीस एकेकाला ओळीने न विचारता सगळ्यांना एकदम विचारू लागला. जी आधी ‘ओ’ देईल ती एसडीए! म्हणजे कुणी हात न लावताही काल जी एसडीए होती, ती आज एसडीबी होऊ शकते.

यात बिघडते काय, असे कुणी म्हणेल. मग असे समजा. शनिवारची दुपार आहे. गुरुजींना एक जुना पेन ड्राइव्ह पुसून कोरा करायचा आहे. काल तो एसडीबी होता, हे त्यांनी कागदावर टिपून ठेवले आहे. आज यंत्र पुन्हा सुरू केले आणि गुरुजींनी आज्ञा लिहिली: एसडीबी पुसून टाक. पण आज एसडीबी आहे ती वेगळीच डिस्क. तिच्यावर दाखल-खारीज रजिस्टराच्या पानांची छायाचित्रे आहेत, आणि मूळ रजिस्टराची पाने वाळवीने केव्हाच खाल्ली. यंत्राने चूक केली नाही. सांगितलेल्या नावाची वस्तूच पुसली. पण त्या पानांतली नावे, जन्मतारखा, जातीच्या नोंदी गेल्या. उद्या ज्याला शिष्यवृत्तीसाठी किंवा जातीच्या दाखल्यासाठी ती नोंद हवी, त्याने कुणाकडे जायचे? रांगेतल्या नावावर विसंबल्याची किंमत ही अशी पडते, आणि ती देणारा माणूस बहुधा त्या खोलीत नसतोच.

यावर उपाय काय, याचाही इतिहास आहे. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.४ आवृत्तीत रिचर्ड गूच यांची डेव्ह-एफएस ही योजना होती. तिच्यात नावे ठरवण्याचे काम व्यवस्थेच्या गाभ्यानेच करायचे होते. पुष्कळांना ते पटले नाही. त्यांचे म्हणणे असे, की गाभ्याने साधने चालवावीत. कुणाला काय म्हणायचे हे वापरणाऱ्याने ठरवावे. २००३ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यूडेव्ह ही दुसरी योजना मांडली. पुढे तीच टिकली आणि २००६ साली जुनी योजना गाभ्यातून काढून टाकण्यात आली.

यूडेव्हची रीत पाहण्यासारखी आहे. नवे साधन जोडले, की गाभा फक्त दवंडी देतो: कुणीतरी आले आहे. मग यूडेव्ह त्या साधनाची चौकशी करते. बनवणारा कोण? कारखान्यात पडलेला अनुक्रमांक कोणता? तुझ्यावर कोणती खूण लिहिली आहे? या उत्तरांवरून ते त्या साधनाला आणखी काही नावे देते. एसडीए हे नाव रद्द होत नाही. जुम्मा तलाव आणि गांधीसागर जसे एकाच पाण्याकडे नेतात, तशी ही सगळी नावे एकाच डिस्ककडे नेतात. फरक इतकाच, की रांगेतले नाव उद्या दुसरीकडे नेईल. ही नावे नेणार नाहीत.

ही नावे चार प्रकारची. पहिले आपण स्वतः ठेवलेले, उदाहरणार्थ ‘शाळा-दप्तर’. वाचायला सोपे, पण एका वर्गात दोन संदीप असतात तसे दोन डिस्कांचे नाव एकच असू शकते. दुसरे कारखान्याच्या अनुक्रमांकावरचे. तिसरे कोणत्या खाचेत जोडले त्यावरचे. साधन हलवले की ते बदलते. चौथे यूयूआयडी: साठवणीची मांडणी केली जाते त्या वेळी तिच्यावर कोरला जाणारा बत्तीस चिन्हांचा लांबलचक क्रमांक. तो इतका लांब, की दोघांना योगायोगाने एकच पडण्याची भीती जवळजवळ नाही. हाच आपला दाखल-खारीजचा क्रमांक.

याची परीक्षाही लवकरच झाली. यंत्र सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची, याची एक यादी लिनक्समध्ये असते. २००६ साली उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराने त्या यादीत यूयूआयडी लिहायला सुरुवात केली. पुढे २००७ च्या सुमारास डिस्क चालवणारी जुनी यंत्रणा बदलली आणि ठिकठिकाणी एचडीए असलेली डिस्क एका दिवसात एसडीए झाली. ज्यांच्या यादीत जुने नाव होते, त्यांची यंत्रे अडली. ज्यांच्या यादीत यूयूआयडी होता, त्यांना काही झाल्याचे कळलेही नाही.

तरी कायमचे नावही डोळे मिटून वापरायचे नसते. शेतकरी बंधूंना हे लगेच उमजेल. तुकडेजोड योजनेत शेत तेच राहिले, माती तीच राहिली, पण जुना क्रमांक जाऊन गट क्रमांक आला. डिस्क नव्याने फॉरमॅट केली, की तसेच होते: कारखान्याचा अनुक्रमांक तोच राहतो, यूयूआयडी मात्र नवा पडतो. उलट, एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर केली, तर यूयूआयडीचीही नक्कल होते. मग एकाच क्रमांकाची दोन मुले वर्गात! अशा वेळी नकलेचा क्रमांक आधी बदलून घ्यावा, नाहीतर दोन्ही एकदम जोडू नयेत.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, एवढे करा. शाळेतल्या प्रत्येक डिस्कवर चिठ्ठी लावा आणि तिचे नाव, अनुक्रमांक व यूयूआयडी जडसंग्रह रजिस्टरात लिहून ठेवा. पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी दुसऱ्या कुणाला तरी तो क्रमांक मोठ्याने वाचायला लावा. आणि महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या कपाटात ठेवा.

हाक मारताना एसडीए म्हणा, हरकत नाही. हजेरीही आपण क्रमांकानेच घेतो. पण ज्या नोंदीवर उद्या कुणाचा दाखला निघायचा आहे, ती नोंद करताना रांगेत तो कितवा उभा होता हे लिहू नका. तो कोण आहे हे लिहा.